धाप लागलेलं जनावर आणि हाताशी असलेलं औषध

घरात दम्याचा रुग्ण असेल आणि कुत्राही असेल, तर पंप कुठे ठेवायचा याचा विचार आजच करा. कुत्र्याने सालब्युटामॉलचा पंप चावून फोडला, तर दोनशे फवाऱ्यांपुरतं औषध एकदमच त्याच्या तोंडात जाऊ शकतं. थोड्याच वेळात त्याचं हृदय भरधाव धावू लागतं, तो अस्वस्थ होतो, धापतो, ओकतो, रक्तातलं पोटॅशियम झपाट्याने खाली येतं आणि पाय लटपटतात. अशा कुत्र्याच्या हृदयाचा वेग आटोक्यात आणायला पशुवैद्य अनेकदा प्रोप्रानोलॉल वापरतात. पण तेच प्रोप्रानोलॉल दम्याच्या मांजराला मिळालं, तर त्याच्या श्वासनळ्या आवळून जीव धोक्यात येऊ शकतो. जनावर धापत असताना घरातलं ‘चांगलं औषध’ शोधू नये, असं मी आग्रहाने सांगतो ते यामुळेच. औषध चांगलं की वाईट हे बाटलीवरून कळत नाही. ते शरीरातल्या कोणत्या ग्राहीवर (पेशीवरच्या, रसायन ओळखणाऱ्या रेणूवर) जाऊन बसतं आणि ते शरीर कोणत्या प्राण्याचं आहे, यावर सगळं ठरतं.

फुप्फुसात पसरलेल्या बारीक श्वासनळ्यांच्या भिंतींत स्नायूंचे वेटोळे असतात. त्यांच्यावर जनावराच्या इच्छेचा ताबा नसतो. मेंदूकडून निघालेला व्हेगस मज्जातंतू तिथवर पोचतो आणि त्याच्या टोकांतून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं. ते स्नायूंवरच्या मस्कारिनिक ग्राहींना चिकटलं की स्नायू आवळतो, आणि नळीत चिकट स्रावही वाढतो. याच्या उलट काम ॲड्रेनॅलिनचं. ते बीटा-२ ग्राहींवर बसलं की तोच स्नायू सैलावतो आणि वाट मोकळी होते. निरोगी जनावरात या दोन्ही ओढींचा तोल अखंड सांभाळला जातो. तो आवळण्याच्या बाजूला कलला, की श्वास आत जातो पण बाहेर पडताना अडतो. शहाळ्याची नळी चिमटीत धरून तिच्यातून फुंकर मारून पाहावी, म्हणजे त्या जनावराला काय होत असेल याची थोडी कल्पना येते.

ही खूण घरच्या माणसालाही ओळखता येते आणि ती मोलाची आहे. श्वास सोडताना पोट आत ओढलं जात असेल, सोडण्याला वेळ लागत असेल, शीळ घातल्यासारखा आवाज येत असेल, तर बहुधा आतल्या बारीक नळ्या आवळल्या आहेत. श्वास घेताना घरघर किंवा घोरल्यासारखा आवाज येत असेल, तर अडचण वर, नाकात, घशात किंवा मुख्य श्वासनळीत असते. पग जातीच्या कुत्र्यांची घरघर ही दुसऱ्या प्रकारची. त्यांच्या चपट्या तोंडात जागाच अपुरी असते, त्यामुळे स्नायू सैल करणारं औषध कितीही दिलं तरी त्यांना फरक पडत नाही. हा फरक बघून ठेवा आणि जमलं तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण करा. दवाखान्यात पोचेपर्यंत जनावर भेदरून वेगळाच श्वास घेऊ लागतं, तेव्हा ते चित्रीकरणच पशुवैद्याच्या कामी येतं.

हे ज्ञान आलं कुठून, तर बहुतांशी प्राण्यांवरच्याच प्रयोगांतून. मज्जातंतू रसायनाच्या मार्फत निरोप देतात, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं. १९४८ मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी ॲड्रेनॅलिनच्या ग्राहींचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार मांडले, आणि १९६७ मध्ये बीटाचेही दोन उपप्रकार वेगळे केले गेले. श्वासनळ्यांच्या अभ्यासात गिनीपिगचं ऋण मोठं आहे. त्याच्या श्वासनळ्यांचे स्नायू इतके तीव्रपणे आवळतात की, ॲलर्जीचा जोरदार झटका आला तर तो प्राणी श्वास कोंडूनच दगावतो. ॲलर्जीत सुटणाऱ्या हिस्टामिनला उंदराच्या श्वासनळ्या तशी दाद देत नाहीत. मांजराच्या श्वासनळ्या सिरोटोनिनने जोरात आवळतात. म्हणजे रसायन तेच, ग्राहीही तेच, पण कोणता ग्राही कुठे आणि किती हे प्राण्याप्राण्यात बदलतं. एका प्राण्यावरून दुसऱ्याचं औषध ठरवू नये, ते याच कारणाने.

आता गोठ्याकडे वळू, कारण महाराष्ट्रात या विषयाची सगळ्यात जास्त किंमत तिथेच मोजावी लागते. गोचीड झाले म्हणून पिकावर मारायचं कीटकनाशक अंदाजाने पाण्यात कालवून जनावरावर फवारलं जातं. कधी फवारलेल्या शेताच्या बांधावरचं गवत जनावर खातं, कधी औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी पाजलं जातं. यातली बरीच कीटकनाशकं ऑर्गनोफॉस्फेट गटातली असतात. क्लोरपायरिफॉस, मॅलाथिऑन, मोनोक्रोटोफॉस ही नावं शेतकऱ्याला नवीन नाहीत. ॲसिटिलकोलिनचं काम झालं की ते मोडून टाकणारं एक विकर शरीरात असतं. ही कीटकनाशकं त्या विकरालाच निकामी करतात. मग ॲसिटिलकोलिन साचत जातं आणि प्रत्येक ग्राहीला सतत डिवचत राहतं. तोंडाला लाळेच्या तारा लागतात, डोळ्यांतून पाणी वाहतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, जनावर पातळ हगतं, अंगाचे स्नायू थरथरतात. हे सगळं बाहेरून दिसतं. जीव घेणारी गोष्ट मात्र आत चालू असते. श्वासनळ्या आवळतात आणि त्याच वेळी स्रावाने भरून जातात. जनावर कोरड्या जमिनीवर उभं राहून आतल्या आत बुडत असतं.

यावरचा उतारा म्हणजे ॲट्रोपिन. ते मस्कारिनिक ग्राहींवर स्वतः जाऊन बसतं आणि ॲसिटिलकोलिनला जागाच देत नाही. लाळ आटते, नळ्या सैलावतात, छातीतली खरखर कमी होते. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणजे औषध पुरेसं झालं असं मालकाला वाटतं. पशुवैद्य मात्र फुप्फुसांचा आवाज ऐकून ठरवतात, आणि तेच बरोबर आहे. ॲट्रोपिनचा असर काही तासांनी ओसरतो, विष मात्र शरीरात टिकून असतं. म्हणून जनावर सावरलं तरी पशुवैद्य परत येऊन सुई देणार असतील तर त्यांना अडवू नका, आणि रात्रभर कुणीतरी गोठ्यात जागं राहा. स्नायूंची थरथर ॲट्रोपिनने थांबत नाही, कारण ते वेगळे ग्राही, निकोटिनिक जातीचे. त्यासाठी प्रालिडॉक्सिम हे वेगळं औषध आहे. ते अडकलेल्या विकराला मोकळं करतं, पण विषाची पकड पक्की होण्याआधी, म्हणजे साधारण पहिल्या एक-दोन दिवसांतच त्याचा उपयोग होतो. उशीर झाला की ते दिलं काय आणि नाही काय.

ॲट्रोपिन स्वतःजवळ बाळगून टोचावं असा सल्ला मी कुणालाही देणार नाही. जास्त झालं तर रवंथ थांबतो, पोट फुगतं, आणि मग दुसरंच संकट उभं राहतं. पशुवैद्य येईपर्यंत तुमच्या हातात इतकं आहे: रबरी हातमोजे घालून जनावराला साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा, सावलीत मोकळ्या हवेत बांधा, संशयाचा चारा आणि पाणी दूर करा. हातमोजे विसरू नका, हे विष माणसाच्या कातडीतूनही आत जातं. लाळ गळणाऱ्या, थरथरणाऱ्या जनावराला नळीने काहीही पाजू नका. ताक, तूप, तेल, गूळपाणी यातलं काहीही श्वासनळीत उतरलं तर आधीच भरलेल्या फुप्फुसावर न्यूमोनियाची भर पडते. तेलातुपाचा आणखी एक तोटा असा की ही विषं स्निग्ध पदार्थात विरघळतात आणि लवकर शोषली जातात. अलीकडे जंतनाशक दिलं असेल तर तेही सांगा. लेव्हामिसोल असेल तर विशेष करून, कारण तेही निकोटिनिक ग्राहींनाच चेतवतं आणि विषबाधेत भर घालतं.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना. बाटली फेकू नका. गोचिडांसाठी आपल्याकडे सर्रास मिळणारं आणखी एक औषध म्हणजे अमिट्राझ. त्याचीही बाधा होते, पण त्याची वाट अगदी निराळी. ते अल्फा-२ ग्राहींवर काम करतं. जनावर सुस्तावतं, हृदय मंद होतं, अंग थंड पडतं, आतडी थबकतात. मंद हृदय पाहून कुणी ॲट्रोपिन टोचलं, तर रक्तदाब एकदम चढू शकतो आणि आधीच थबकलेली आतडी पुरती ठप्प होतात. इथे उतारा अल्फा-२ ग्राही अडवणारा लागतो, योहिंबिन किंवा ॲटिपामेझोलसारखा. दुकानात दोन्ही औषधं एकाच फळीवर असतात, दोन्ही गोचिडांसाठीच नेली जातात, आणि एकाचा उतारा दुसऱ्याच्या बाधेत घातक ठरू शकतो. घोड्याला तर अमिट्राझ लावूच नये, त्याच्या आतड्यांत खाणं गच्च अडकून पोटदुखी उठते. म्हणून बाटली, तिच्यावरचं लेबल, किती पाण्यात किती मिसळलं आणि कधी फवारलं, एवढं लिहून ठेवा. लेबल फाटलेलं असेल तर बाटलीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाखवा.

अल्फा-२ ग्राहींचा विषय निघालाच आहे तर धनगर बांधवांसाठी एक गोष्ट. जखम शिवायला, शिंग काढायला मेंढीला गुंगी देण्यासाठी झायलाझिन वापरतात. हेही अल्फा-२ ग्राहींवरचंच औषध. गाईबैलांना त्याची मात्रा घोड्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी पुरते, इतके ते त्याला संवेदनशील. मेंढीत मात्र त्याचा एक वेगळाच धोका आहे. काही मेंढ्यांत या औषधानंतर श्वासनळ्यांतला दाब वाढतो, फुप्फुसात पाणी उतरतं आणि रक्तातला प्राणवायू घटतो. प्रत्येक मेंढीत असं होत नाही. कोणत्या मेंढीत होईल हे आधी ओळखताही येत नाही. तेव्हा ज्या मेंढीला आधीपासून खोकला आहे, नाक वाहतंय किंवा जी धापते, तिच्याबद्दल सुई देण्याआधीच पशुवैद्याला सांगा. गुंगीतली मेंढी आडवी पाडून ठेवू नका, छातीवर बसती ठेवा, तोंड थोडं उताराला राहू द्या. आणि ही सुई गावातल्या हौशी टोचणाऱ्याकडून कधीच घेऊ नका.

आता घरातल्या मांजराकडे येऊ. पुण्या-मुंबईच्या बंद घरांत राहणाऱ्या मांजरांमध्ये दमा ओळखायला उशीर होतो, कारण त्याचा खोकला केसांचा गोळा ओकण्याच्या धडपडीसारखा दिसतो. मांजर जमिनीसरसं बसतं, मान पुढे ताणतं, खाक-खाक करतं आणि शेवटी काहीच बाहेर पडत नाही. असं वारंवार होत असेल तर केसांचा दोष नाही, असं समजून तपासणी करून घ्या. फुप्फुसातल्या जंतांनीही असाच खोकला येतो, म्हणून विष्ठाही तपासावी. गाढ झोपेतल्या मांजराचे श्वास मिनिटाला ३० च्या आत असतात. आठवड्यातून एकदा मोजून कॅलेंडरवर टिपण्याची सवय लावा. तोंड उघडं ठेवून श्वास घेणारं मांजर किंवा निळसर पडलेल्या हिरड्या दिसल्या तर सकाळची वाट पाहायची नाही. वाटेत त्याला कुरवाळून धीर द्यायचीही गरज नाही. पिंजऱ्यावर कापड टाका आणि शांतपणे न्या, कारण धडपडीने प्राणवायूची गरज वाढते.

मांजराच्या दम्यात मूळ दुखणं नळ्यांच्या सुजेचं असतं आणि ती सूज स्टेरॉइडने आवरते. बीटा-२ ग्राहींवरचं सालब्युटामॉल झटक्याच्या वेळी वाट मोकळी करतं. दोन्ही औषधं मांजराच्या तोंडाला बसेल असा मास्क लावलेल्या नळकांड्यातून देता येतात. आधी काही दिवस औषधाशिवाय नुसता मास्क हुंगू द्या, सोबत खाऊ द्या, मग काही क्षण तोंडावर धरा. औषध सोडल्यावर सात ते दहा श्वास होईपर्यंत मास्क हलवू नका. मालकांची एक समजूत मात्र नुकसान करते. पंपाने लगेच बरं वाटतं, तर तोच रोज द्यावा आणि स्टेरॉइड टाळावं, असं त्यांना वाटतं. नेहमीचं सालब्युटामॉल हे दोन आरशातल्या प्रतिमांसारख्या रेणूंचं मिश्रण असतं. त्यातला एक नळी सैल करतो. दुसरा तसं करत नाही, आणि मांजरांवरच्या अभ्यासात असं दिसलं की नियमित वापरात तो श्वासनळ्यांची सूज वाढवू शकतो. म्हणून सालब्युटामॉल झटक्यासाठी, आणि रोजचं काय ते पशुवैद्य ठरवतील ते. पंपाची गरज वाढत चालली असेल तर ते सुजेवरचा इलाज कमी पडत असल्याचं लक्षण आहे.

अशा मांजराला रक्तदाबाची किंवा हृदयाची कोणतीही गोळी देण्याआधी पशुवैद्याला दम्याची आठवण करून द्या. डोळ्यांच्या काचबिंदूसाठी वापरले जाणारे टिमोलॉलचे थेंबसुद्धा अंगात उतरतात आणि बीटा ग्राही अडवतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पॅरासिटामॉल तर मांजराला कधीच नको, अर्धी गोळीही जिवावर बेतते. त्यात रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि मांजर धापायला लागतं. घरच्याला वाटतं दमा वाढला.

घरातल्या हवेकडेही बघायला हवं. श्वासनळ्यांच्या अस्तरात झोंबणाऱ्या गोष्टी ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. धूर, धूळ, उग्र वास लागला की ती मेंदूकडे निरोप धाडतात आणि व्हेगसमार्फत नळ्या आवळण्याचा हुकूम परत येतो. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, सुगंधी तेलाचे दिवे, फिनेलचा उग्र वास, धूळ उडवणारी शौचाची माती, दिवाळीतले फटाके, हे सगळं मांजराच्या श्वासनळ्यांना झोंबतं. देवघराचा दरवाजा बंद ठेवता येतो, माती बदलता येते. हे फुकटचे उपाय आहेत आणि औषधाइतकेच खरे आहेत. विषाणूजन्य सर्दी होऊन गेल्यावर काही आठवडे ही प्रतिक्रिया अधिक तीव्र होते. त्याचं कारण गिनीपिगवरच्या संशोधनातून सापडलं. मज्जातंतूच्या टोकावर असलेले एम-२ ग्राही एरवी ॲसिटिलकोलिन जास्त सुटू देत नाहीत. विषाणूंच्या संसर्गात तेच निकामी होतात आणि आवरायला कुणी उरत नाही. सर्दीतून उठलेल्या प्राण्याला म्हणूनच धुरापासून जास्त जपावं.

घोड्यांचंही असंच. माथेरानला मोटारींना बंदी आहे, तिथली बरीच ये-जा घोड्यांच्या जिवावर चालते, आणि लग्नसराईतल्या घोड्यांचे तबेले तर शहरांत कोंदट जागांत असतात. बुरशी धरलेला कडबा, भुश्श्याची धूळ आणि लघवीचा अमोनिया यांनी घोड्याला दीर्घकाळचा दमा जडतो. श्वास सोडताना बरगड्यांच्या कडेने पोटाच्या स्नायूंची एक आडवी रेघ उमटू लागते. तिथे आधी तबेला बदलावा लागतो. वैरण भिजवून द्या, शक्यतो हिरवं गवत द्या, झाडलोट घोडा बाहेर असताना करा. क्लेनब्युटेरॉल हे बीटा-२ वरचं औषध घोड्याला उपयोगी पडतं, पण दोन-तीन आठवड्यांत ग्राहींना त्याची सवय होते आणि असर ओसरतो. शिवाय ते गर्भाशयाचे स्नायूही सैल करतं, म्हणून विण्याच्या बेतात असलेल्या घोडीला नको. ॲट्रोपिनने घोड्याची छाती मोकळी होते, पण आतडी थंडावून पोटदुखी उठण्याची भीती असते.

क्लेनब्युटेरॉलचा आणखी एक धोका माणसाला आहे. जनावराचं मांस वाढावं म्हणून ते चोरून खाऊ घालण्याचे प्रकार जगात झाले. १९९० मध्ये स्पेनमध्ये अशा जनावरांचं यकृत खाऊन लोकांना विषबाधा झाली. मांसासाठीच्या किंवा दुभत्या जनावरावर असलं औषध वापरू नये. पशुवैद्याने कोणतंही औषध दिलं की दूध आणि मांस किती दिवस वापरायचं नाही हे विचारून घ्यावं.

ससे पाळणाऱ्यांसाठी एवढंच. अनेक सशांच्या शरीरात ॲट्रोपिन मोडून टाकणारं विकर असतं, त्यामुळे इतरांना पुरणारी मात्रा त्यांना पुरत नाही. पशुवैद्य सशासाठी ग्लायकोपायरोलेट निवडतात ते याच कारणाने.

झाडपाल्याबद्दल विचारणा नेहमी होते. धोतऱ्यात ॲट्रोपिन आहे आणि दम्यासाठी धोतऱ्याचा धूर ओढण्याचा रिवाज १८०२ मध्ये मद्रासहून इंग्लंडात गेला. पण पानापानात, बियाबियांत त्याचं प्रमाण बदलतं, आणि जनावराला किती द्यायचं हे मोजता येत नाही, म्हणून धोतरा देऊच नये. अडुळशातल्या वॅसिसिनमुळे श्वासनळ्या सैलावतात खऱ्या, पण तेच गर्भाशयाला आवळतं. गाभण जनावराला अडुळशाचा काढा नको.

महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. तो गोठ्याच्या भिंतीवर खडूने ठळक लिहून ठेवा. फोन लागला की ‘जनावर धापतंय’ एवढं सांगून थांबू नका. कोणतं जनावर, श्वास घेताना अडतो की सोडताना, लाळ गळते का, बाहुल्या बारीक आहेत का, आणि गेल्या दोन दिवसांत त्याच्या अंगावर, चाऱ्यात किंवा तोंडात कोणतं औषध गेलं, हे नावानिशी सांगा.